केनी डॅल्ग्लिश, खेळाडू आणि व्यवस्थापक : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

केनी डॅल्ग्लिश यांच्या कारकिर्दीला एवढे महत्त्व का दिले जाते?

ग्लासगोच्या कामगार वस्तीत जन्मलेल्या या फुटबॉलपटूने स्कॉटलंडसाठी १०२ सामने खेळले, ग्लासगोच्या सेल्टिक क्लबसाठी १६७ आणि इंग्लंडच्या लिव्हरपूल क्लबसाठी १७२ गोल केले आणि तीन युरोपियन कप (युरोपातील क्लबांची सर्वोच्च स्पर्धा, आजची चॅम्पियन्स लीग) जिंकले. पुढे व्यवस्थापक, म्हणजे संघ निवडणारे आणि घडवणारे प्रमुख, म्हणून त्यांनी इंग्लंडचे लीग विजेतेपद चार वेळा मिळवले, तेही दोन वेगवेगळ्या क्लबांसोबत. दोन क्लबांना इंग्लंडचे विजेतेपद मिळवून देणारे त्यांच्यापूर्वी तिघेच होते : टॉम वॉटसन, हर्बर्ट चॅपमन आणि ब्रायन क्लफ.

थोर खेळाडू बहुधा चांगला व्यवस्थापक होत नाही, कारण जे त्याला विनासायास जमते ते इतरांना का जमत नाही, हे त्याला उमगत नाही. डॅल्ग्लिश यांच्या बाबतीत तसे झाले नाही. खेळत असतानाही त्यांची नजर स्वतःच्या गोलापेक्षा सोबत्याच्या धावेवर अधिक असे, आणि दुसऱ्याला कोणत्या क्षणी काय लागेल हे आधी ओळखण्याची तीच सवय त्यांनी व्यवस्थापकाच्या खुर्चीत नेली. त्यांच्या यशाचे मूळ या सवयीत आहे आणि १९९१ साली ते ज्या ओझ्याखाली थकून गेले, त्याचेही मूळ तिथेच आहे, असे माझे मत आहे.

त्यांचे बालपण कुठे गेले? रेंजर्सचे चाहते असूनही ते सेल्टिकमध्ये कसे दाखल झाले?

त्यांचा जन्म ४ मार्च १९५१ रोजी ग्लासगोच्या पूर्व भागातील डॅलमार्नॉक येथे झाला. कुटुंब आधी शहराच्या उत्तरेकडील मिल्टन वसाहतीत आणि पुढे रेंजर्स या ग्लासगोमधील दुसऱ्या मोठ्या क्लबच्या आयब्रॉक्स मैदानाच्या परिसरात राहायला गेले. वडिलांमुळे घरात रेंजर्सचेच वातावरण होते. शाळेच्या संघात सुरुवातीला ते गोलरक्षक होते, हे ऐकून अनेकांना आश्चर्य वाटते. पंधराव्या वर्षी त्यांनी लिव्हरपूलमध्ये चाचणी दिली होती, पण तेव्हा ते तिथे न थांबता घरी परतले.

ग्लासगोमध्ये रेंजर्स आणि सेल्टिक यांच्यातील दरी केवळ खेळापुरती नव्हती. रेंजर्समागे प्रोटेस्टंट समाज, तर सेल्टिकमागे आयरिश वंशाचा कॅथलिक समाज, अशी शहराची विभागणी कित्येक पिढ्यांपासून चालत आलेली होती. रेंजर्स त्या काळी कॅथलिक खेळाडूंना घेत नसे. सेल्टिकने मात्र प्रोटेस्टंट खेळाडूंना दार बंद केले नव्हते आणि त्यांचे व्यवस्थापक जॉक स्टीन स्वतः प्रोटेस्टंट होते. १९६७ च्या मे महिन्यात, म्हणजे सेल्टिकने लिस्बनमध्ये युरोपियन कप जिंकला त्याच महिन्यात, स्टीन यांचे सहायक शॉन फॅलन डॅल्ग्लिश यांच्या घरी गेले. ते येत असल्याचे कळताच मुलाने आपल्या खोलीतील भिंतीवरची रेंजर्स खेळाडूंची चित्रे घाईघाईने काढून टाकली, ही हकीकत पुढे प्रसिद्ध झाली. सही झाली, परंतु ती तात्पुरत्या स्वरूपाच्या करारावर. पहिले वर्ष त्यांनी कंबरनॉल्ड युनायटेड या छोट्या क्लबाकडून खेळून आणि सुतारकामाची उमेदवारी करून काढले.

सेल्टिकमध्ये ते काय शिकले?

सेल्टिकचा त्या काळचा राखीव संघ म्हणजे एक असामान्य जमाव होता. डॅनी मग्रेन, लू मकारी, डेव्हिड हे, जॉर्ज कॉनेली आणि डॅल्ग्लिश ही सगळी मुले एकाच वेळी वाढत होती. युरोपविजेता संघ समोर असल्याने त्यांना मुख्य संघात जागा मिळणे कठीण होते आणि स्टीन यांनी कोणालाही घाईने पुढे ढकलले नाही. डॅल्ग्लिश सप्टेंबर १९६८ मध्ये बदली खेळाडू म्हणून प्रथम मैदानात उतरले, पण संघातील त्यांचे स्थान पक्के व्हायला १९७१ साल उजाडले. सुरुवातीला त्यांना मधल्या फळीत खेळवले जाई. गोलाच्या जवळ आणल्यावर त्यांचा खरा खेळ फुलला.

स्टीन हे पूर्वी खाणकामगार होते आणि संघ हा एकमेकांच्या भरवशावर चालतो, ही खाणीतली शिकवण त्यांनी मैदानात आणली होती. सेल्टिककडून डॅल्ग्लिश यांनी चार लीग विजेतेपदे, चार स्कॉटिश कप आणि एक लीग कप जिंकला. १९७५ मध्ये ते कर्णधार झाले. या काळातील एक काळी तारीखही नोंदवली पाहिजे. २ जानेवारी १९७१ रोजी आयब्रॉक्सवरील रेंजर्स–सेल्टिक सामना संपताना जिन्यावर चेंगराचेंगरी होऊन ६६ जणांचा मृत्यू झाला. एकोणीस वर्षांचे डॅल्ग्लिश त्या दिवशी मैदानावर उपस्थित होते.

१९७७ मध्ये लिव्हरपूलने त्यांच्यासाठी एवढी रक्कम का मोजली?

लिव्हरपूलने नुकताच आपला पहिला युरोपियन कप जिंकला होता आणि त्यांचा लाडका आघाडीपटू केविन कीगन जर्मनीतील हॅम्बुर्गला निघून गेला होता. त्याच्या जागी सात क्रमांकाची जर्सी कोणाला द्यायची, हा व्यवस्थापक बॉब पेझली यांच्यापुढील प्रश्न होता. १० ऑगस्ट १९७७ रोजी त्यांनी ४ लाख ४० हजार पौंड देऊन डॅल्ग्लिश यांना घेतले. ब्रिटिश क्लबांमधील व्यवहारासाठी तो त्या वेळचा विक्रम होता. कीगनची विक्री पाच लाखांना झाली होती. म्हणजे व्यवहाराअंती क्लबाकडे पैसे उरले आणि आधीपेक्षा चांगला खेळाडू आला. इतका उत्तम सौदा इंग्लिश फुटबॉलमध्ये क्वचितच झाला असेल.

पहिल्या लीग सामन्यात मिडल्सब्रोविरुद्ध गोल, घरच्या मैदानावरील पहिल्या सामन्यात न्यूकॅसलविरुद्ध गोल आणि त्याच हंगामाच्या शेवटी, १० मे १९७८ रोजी, वेम्बलीवर युरोपियन कपच्या अंतिम सामन्यात क्लब ब्रुजविरुद्ध एकमेव गोल. ग्रेम सूनेस यांचा पास मिळाला तेव्हा ब्रुजचा गोलरक्षक बिर्गर येन्सन पुढे सरसावत होता. तो जमिनीवर झेपावेपर्यंत डॅल्ग्लिश क्षणभर थांबले आणि त्याच्या अंगावरून चेंडू अलगद उचलून जाळ्यात टाकला. त्या सबंध गोलात दिसतो तो संयम.

खेळाडू म्हणून त्यांचे वैशिष्ट्य नेमके कोणते होते?

ते फार वेगवान नव्हते आणि उंचीनेही फार मोठे नव्हते. त्यांचे बळ कमरेपासून खाली होते. गोलाकडे पाठ करून चेंडू घ्यायचा, मागून भिडणाऱ्या बचावपटूला पाठ आणि मांड्यांच्या आधाराने दूर ठेवायचे आणि तो कोणत्या बाजूने वजन टाकतो हे अंगानेच ओळखून उलट बाजूला वळायचे, हे ते इतक्या सफाईने करत की समोरच्या बचावपटूला धड माघारही घेता येत नसे आणि अंगावर जाताही येत नसे. चेंडू पायाशी येण्याआधीच आपल्या आजूबाजूला कोण कुठे आहे, याची नोंद त्यांनी घेतलेली असे. म्हणूनच ते मान वर न करता पास देतात असे पाहणाऱ्याला वाटे.

या गुणांचा सर्वाधिक लाभ इयान रश यांना झाला. १९८० मध्ये चेस्टरहून आलेल्या या सडपातळ वेल्श तरुणाकडे वेग होता आणि बचावफळीमागे धाव कधी काढायची याचे उपजत भान होते. त्या धावेच्या पुढ्यात योग्य वजनाने चेंडू सोडणारा माणूस हवा होता आणि तो डॅल्ग्लिश यांच्या रूपाने मिळाला. रश यांनी लिव्हरपूलसाठी पुढे ३४६ गोल केले आणि तो क्लबचा विक्रम आहे. १९८३ साली खेळाडूंच्या संघटनेने आणि फुटबॉल लेखकांनीही डॅल्ग्लिश यांना वर्षातील सर्वोत्तम खेळाडू निवडले. युरोपातील सर्वोत्तम खेळाडूच्या निवडीत ते त्या वर्षी मिशेल प्लातिनी यांच्यानंतर दुसरे आले.

ज्यांना या काळातील लिव्हरपूलची ताकद आकड्यात पाहायची आहे, त्यांनी १९७८–७९ चा हंगाम पाहावा : ४२ लीग सामन्यांत ८५ गोल केले आणि फक्त १६ स्वीकारले.

स्कॉटलंडच्या राष्ट्रीय संघातील त्यांची कामगिरी कशी होती?

१०२ सामने आणि ३० गोल. पुरुष संघात सर्वाधिक सामन्यांचा विक्रम त्यांचा आहे, तर गोलांच्या विक्रमात डेनिस लॉ त्यांच्या बरोबरीला आहेत, अर्थात लॉ यांनी तो फार कमी सामन्यांत गाठला. १९७४, १९७८ आणि १९८२ असे तीन विश्वचषक ते खेळले. तिन्ही वेळा स्कॉटलंड पहिल्याच फेरीत बाहेर पडले. १९७८ मध्ये अर्जेंटिनातील मेंडोझा येथे नेदरलँड्सवर मिळवलेल्या ३–२ अशा विजयातही त्यांचा एक गोल होता. गुडघ्याच्या दुखण्यामुळे १९८६ चा विश्वचषक त्यांना खेळता आला नाही.

स्कॉटिश चाहत्यांच्या मनात विश्वचषकापेक्षा एक वेगळा गोल घर करून आहे. मे १९७६ मध्ये हॅम्पडन पार्कवर इंग्लंडविरुद्ध त्यांनी मारलेला साधासा फटका गोलरक्षक रे क्लेमन्स यांच्या दोन पायांमधून आत गेला आणि स्कॉटलंड २–१ ने जिंकले. वर्षभराने हेच क्लेमन्स लिव्हरपूलमध्ये त्यांचे सहकारी झाले. क्लबसाठी ते जितके सातत्याने चमकले तितके देशासाठी चमकले नाहीत, ही टीका काही अंशी खरी आहे. मात्र लिव्हरपूलमध्ये त्यांच्याभोवती रोज एकत्र सराव करणारे दहा जण होते आणि त्यांचा खेळ इतरांच्या हालचालींवर उभा होता, हेही लक्षात घ्यावे लागते.

ते खेळत असतानाच व्यवस्थापक कसे झाले?

२९ मे १९८५ रोजी ब्रुसेल्सच्या हेझेल मैदानावर युव्हेंटसविरुद्धच्या युरोपियन कप अंतिम सामन्याआधी लिव्हरपूलच्या काही समर्थकांनी शेजारच्या भागातील प्रेक्षकांवर चाल केली. पळणाऱ्यांच्या भाराने भिंत कोसळली आणि ३९ जण मरण पावले. त्यांपैकी बहुतेक इटालियन होते. इंग्लिश क्लबांवर युरोपात बंदी आली. व्यवस्थापक जो फेगन आधीच निवृत्त होणार होते. दुसऱ्याच दिवशी चौतीस वर्षांच्या डॅल्ग्लिश यांची खेळाडू-व्यवस्थापक म्हणून नेमणूक जाहीर झाली.

एकाच माणसाने संघ निवडायचा, खेळाडूंची खरेदी-विक्री ठरवायची आणि शनिवारी स्वतः बूट बांधून उतरायचे, ही व्यवस्था एवढ्या मोठ्या क्लबात जवळजवळ अनोखी होती. कालपर्यंत ज्यांच्याबरोबर एका खोलीत कपडे बदलले त्यांनाच संघातून वगळण्याची वेळ त्यात येते. बॉब पेझली सल्लागार म्हणून पाठीशी होते. रॉनी मोरन आणि रॉय एव्हन्स हे जुने प्रशिक्षकही जागेवर होते. डॅल्ग्लिश यांनी ही घडी मोडली नाही. कर्णधारपद मात्र फिल नील यांच्याकडून काढून अ‍ॅलन हॅन्सन यांना दिले.

१९८५–८६ चा हंगाम इतका का गाजला?

पहिल्याच हंगामात लीग आणि एफए कप (इंग्लंडमधील क्लबांची बाद पद्धतीची स्पर्धा) अशी दोन्ही विजेतेपदे त्यांनी मिळवली. विसाव्या शतकात तोवर हे फक्त टॉटनहॅमला १९६१ मध्ये आणि आर्सेनलला १९७१ मध्ये जमले होते आणि खेळाडू-व्यवस्थापकाने असे करण्याची ही पहिलीच वेळ होती. फेब्रुवारीत एव्हर्टन या शहरातल्याच प्रतिस्पर्धी क्लबने लिव्हरपूलच्या अ‍ॅनफिल्ड मैदानावर येऊन लिव्हरपूलला हरवले तेव्हा विजेतेपद हातचे गेले असे बहुतेकांनी धरले होते. त्यानंतरच्या बारा लीग सामन्यांपैकी अकरा लिव्हरपूलने जिंकले आणि एक बरोबरीत सोडवला.

हंगामाच्या आरंभी डॅल्ग्लिश स्वतःला फारसे खेळवत नव्हते. शेवटच्या टप्प्यात ते परतले. ३ मे १९८६ रोजी चेल्सीच्या स्टॅमफर्ड ब्रिजवर जिम बेग्लिन यांनी उचलून दिलेला चेंडू त्यांनी छातीवर घेतला आणि खाली पडण्याआधीच तिरक्या फटक्याने जाळ्यात धाडला. १–० अशा त्या विजयाने लीगचे विजेतेपद निश्चित झाले. आठवड्याने वेम्बलीवर एव्हर्टनविरुद्ध एका गोलाने मागे पडूनही लिव्हरपूलने कपचा अंतिम सामना ३–१ असा जिंकला.

१९८७–८८ च्या संघाला अनेक जण लिव्हरपूलचा सर्वांत देखणा संघ का म्हणतात?

१९८७ च्या उन्हाळ्यात इयान रश युव्हेंटसकडे गेले. असा खेळाडू गेल्यावर त्याच्यासारखाच दुसरा शोधण्याचा मोह होतो. डॅल्ग्लिश यांनी संपूर्ण आक्रमणच नव्याने उभे केले. वॉटफर्डहून डाव्या बाजूला जॉन बार्न्स, न्यूकॅसलहून विक्रमी १९ लाख पौंडांना पीटर बिअर्डस्ली आणि पुढे ऑक्सफर्डहून रे हॉटन आले. त्याच क्लबाकडून जॉन ऑल्ड्रिज त्या वर्षीच्या आरंभीच आले होते. हंगामाच्या सुरुवातीपासून २९ लीग सामने हा संघ अपराजित राहिला आणि लीड्सच्या विक्रमाशी त्याने बरोबरी केली. १३ एप्रिल १९८८ रोजी नॉटिंगहॅम फॉरेस्टला ५–० असे हरवताना त्यांनी केलेला खेळ आजही आवर्जून दाखवला जातो. कपच्या अंतिम सामन्यात मात्र विम्बल्डनने त्यांना १–० असे चकित केले.

बार्न्स हे कृष्णवर्णीय खेळाडू होते आणि त्या काळी मैदानांवर त्यांना उघड वांशिक शिवीगाळ होई, केळ्यांच्या साली फेकल्या जात. अशा वातावरणात त्यांना संघाच्या केंद्रस्थानी आणणे हा खेळाच्या दृष्टीने उत्तम निर्णय होताच, शिवाय लिव्हरपूलसारख्या क्लबासाठी त्याचे सामाजिक वजनही मोठे होते.

हिल्सबरो दुर्घटनेच्या वेळी डॅल्ग्लिश यांनी काय केले?

१५ एप्रिल १९८९ रोजी शेफील्डच्या हिल्सबरो मैदानावर नॉटिंगहॅम फॉरेस्टविरुद्ध एफए कपचा उपांत्य सामना होता. पोलिसांनी बाहेरील गर्दी कमी करण्यासाठी एक मोठे दार उघडले, पण आधीच भरलेल्या मधल्या, कुंपणाने बंदिस्त भागांकडे जाणारा बोगदा बंद केला नाही. जाळीच्या कुंपणामुळे समोरच्यांना मैदानात निसटता येईना. सामना सहा मिनिटांत थांबवावा लागला. या दुर्घटनेतील मृतांची संख्या आज ९७ मानली जाते. शेवटच्या व्यक्तीचा मृत्यू, त्या दिवशी झालेल्या इजांमुळेच, २०२१ मध्ये झाला.

डॅल्ग्लिश यांचा मुलगा पॉल त्या दिवशी मैदानावर होता आणि तो सुखरूप दिसेपर्यंत वडिलांच्या जिवात जीव नव्हता. त्यानंतरच्या आठवड्यांत त्यांनी जे केले त्यासाठी लिव्हरपूल शहर त्यांना आजही वेगळ्या आदराने वागवते. अ‍ॅनफिल्डचे दरवाजे शोकाकुल कुटुंबांसाठी उघडले गेले, मैदान फुलांनी आणि गळपट्ट्यांनी भरून गेले. डॅल्ग्लिश, त्यांच्या पत्नी मरीना आणि खेळाडूंच्या पत्नी तिथे येणाऱ्या प्रत्येकाजवळ बसत, चहा देत, ऐकून घेत. खेळाडू रुग्णालयांत गेले. क्लबतर्फे प्रत्येक अंत्यविधीला कोणी ना कोणी हजर राहील अशी व्यवस्था झाली. स्वतः डॅल्ग्लिश अनेक अंत्यविधींना गेले आणि एका दिवशी तर चार ठिकाणी गेले. यासाठी कोणतेही प्रशिक्षण त्यांना मिळालेले नव्हते. तेव्हा ते अडतीस वर्षांचे होते.

एका राष्ट्रीय वृत्तपत्राने चाहत्यांवरच मृतांना लुबाडल्याचे खोटे आरोप पहिल्या पानावर छापले. संतापलेल्या शहराला शांत करण्यासाठी काय करावे, असे संपादकांनी विचारले तेव्हा, आम्ही खोटे छापले अशी कबुली तेवढ्याच मोठ्या अक्षरांत द्या, असे आपण सांगितल्याची आठवण डॅल्ग्लिश यांनी नोंदवली आहे. चाहत्यांचा दोष नव्हता, हे सिद्ध व्हायला फार वर्षे लागली. २०१२ मध्ये स्वतंत्र समितीचा अहवाल आला आणि एप्रिल २०१६ मध्ये ज्युरीने हे मृत्यू बेकायदा मनुष्यवध ठरवले. या सबंध काळात डॅल्ग्लिश कुटुंबांच्या बाजूने उभे राहिले.

खेळाच्या नोंदीत एवढेच : लिव्हरपूलने त्या वर्षीचा एफए कप एव्हर्टनला ३–२ असे हरवून जिंकला आणि सहा दिवसांनी आर्सेनलच्या मायकल थॉमस यांनी अखेरच्या क्षणी केलेल्या गोलामुळे लीगचे विजेतेपद गमावले.

लिव्हरपूल लीगमध्ये पहिल्या स्थानावर असताना त्यांनी १९९१ मध्ये राजीनामा का दिला?

१९९० मध्ये लिव्हरपूलने आपले अठरावे विजेतेपद जिंकले होते. २० फेब्रुवारी १९९१ रोजी गुडिसन पार्कवर एव्हर्टनविरुद्धचा कप सामना ४–४ असा सुटला. लिव्हरपूलने चार वेळा आघाडी घेतली आणि चारही वेळा गमावली. बचाव सावरण्यासाठी कोणता बदल करायला हवा हे आपल्याला कळत होते, पण तो करण्याची आज्ञा आपल्या तोंडून निघत नव्हती, असे डॅल्ग्लिश यांनी पुढे सांगितले. दोनच दिवसांनी त्यांनी पद सोडले. त्यांच्या अंगावर ताणाने पुरळ उठत होते, झोप नव्हती, घरी चिडचिड होत होती.

त्या वेळी यावर नाना तर्क लढवले गेले. संघ म्हातारा झाला म्हणून ते पळाले, हा त्यांतला सर्वांत अन्यायकारक. आयब्रॉक्स, हेझेल आणि हिल्सबरो अशा तीन दुर्घटना ज्याने डोळ्यांनी पाहिल्या आणि तिसरीनंतर इतरांचे अश्रू पुसताना ज्याने स्वतःला कोणापुढे मोकळे केले नाही, त्या माणसाचे मन थकले होते, एवढे कारण पुरेसे आहे. त्या काळात व्यवस्थापकाने मानसिक थकवा बोलून दाखवणे कमीपणाचे मानले जाई. लिव्हरपूलला पुढचे लीग विजेतेपद मिळायला २०२० साल यावे लागले.

ब्लॅकबर्नचे १९९५ मधील विजेतेपद पैशाच्या जोरावर मिळाले होते का?

हा आक्षेप तेव्हाही घेतला जाई. उत्तर एका शब्दात देता येत नाही.

ब्लॅकबर्न हे लँकशरमधील जुने गिरणगाव. तिथल्या क्लबने १९१४ नंतर लीग जिंकलेली नव्हती आणि १९६६ पासून तो अव्वल श्रेणीबाहेर होता. पोलादाच्या व्यापारात श्रीमंत झालेले स्थानिक उद्योजक जॅक वॉकर यांनी क्लब घेतला आणि ऑक्टोबर १९९१ मध्ये डॅल्ग्लिश यांना दुसऱ्या श्रेणीतील या संघाकडे येण्यास राजी केले. रे हार्फर्ड हे सरावाची बाजू सांभाळणारे अत्यंत जाणते सहायक त्यांच्या मदतीला आले. पहिल्याच हंगामात लेस्टरविरुद्धच्या निर्णायक सामन्यातील पेनल्टीवर बढती मिळाली आणि नव्याने सुरू होत असलेल्या प्रीमियर लीगमध्ये ब्लॅकबर्न दाखल झाले.

पैसा मोठा होता यात शंका नाही. साउथहॅम्प्टनच्या अ‍ॅलन शिअरर यांच्यासाठी ब्रिटिश विक्रम मोडणारी रक्कम दिली गेली आणि १९९४ मध्ये नॉरिचच्या ख्रिस सटन यांच्यासाठी ५० लाख पौंड मोजले गेले. परंतु त्याच वर्षांत इतर क्लबांनीही भरपूर खर्च केला आणि त्यांच्या हाती काही लागले नाही. डॅल्ग्लिश यांनी शिअरर यांना घेतले तेव्हा त्यांचे वय बावीसही नव्हते आणि त्यांच्यामागे मँचेस्टर युनायटेडही होते. टिम फ्लॉवर्स, कॉलिन हेंड्री, ग्रेम ले सो, टिम शेरवूड यांचा मेळ साधा होता : दोन्ही बाजूंनी सतत क्रॉस (कडेने गोलासमोर टाकलेले चेंडू), आत दोन ताकदवान आघाडीपटू आणि मागे शिस्त. चौथे, मग दुसरे, मग पहिले, असा तीन हंगामांतला क्रम सांगतो की हा संघ टप्प्याटप्प्याने बांधला गेला.

१४ मे १९९५ रोजी शेवटचा सामना योगायोगाने अ‍ॅनफिल्डवरच होता. शिअरर यांनी हंगामातील चौतिसावा लीग गोल केला, तरी शेवटच्या क्षणी जेमी रेडनॅप यांच्या फ्री-किकने लिव्हरपूल २–१ ने जिंकले. तेवढ्यात वेस्ट हॅमला मँचेस्टर युनायटेडची १–१ अशी बरोबरी झाल्याची बातमी आली. ब्लॅकबर्न ८९, युनायटेड ८८. घरचा संघ जिंकूनही अ‍ॅनफिल्डने पाहुण्यांच्या व्यवस्थापकाचा जयघोष केला.

त्यानंतर डॅल्ग्लिश यांनी पद हार्फर्ड यांच्याकडे सोपवून फुटबॉल संचालक होणे पसंत केले. हा निर्णय क्लबला मानवला नाही, असेच म्हणावे लागेल.

ब्लॅकबर्न आणि पुणे यांचा काय संबंध आहे?

नोव्हेंबर २०१० मध्ये पुण्याच्या वेंकीज समूहाने ब्लॅकबर्न रोव्हर्स विकत घेतले. प्रीमियर लीगमधील क्लब विकत घेणारी ती पहिली भारतीय कंपनी होती. त्यामुळे महाराष्ट्रातील अनेक वाचकांना हा क्लब त्या बातमीपासूनच ठाऊक आहे. डॅल्ग्लिश यांचा या मालकीशी संबंध नाही, ते चौदा वर्षे आधीच बाहेर पडले होते. २०१२ मध्ये ब्लॅकबर्न प्रीमियर लीगमधून खाली घसरले.

न्यूकॅसल आणि सेल्टिकमधील कारकीर्द अपयशी म्हणावी का?

न्यूकॅसल येथे जानेवारी १९९७ मध्ये त्यांनी पुन्हा एकदा कीगन यांचीच जागा घेतली. संघ दुसरा आला आणि चॅम्पियन्स लीगला पात्र ठरला. सप्टेंबरमध्ये आस्प्रिया यांच्या तीन गोलांच्या बळावर बार्सिलोनाला ३–२ असे हरवण्याची रात्र त्या शहराने जपून ठेवली आहे. पण शिअरर घोट्याच्या गंभीर दुखापतीने अर्धा हंगाम बाहेर राहिले आणि फर्डिनांड, बिअर्डस्ली, जिनोला यांना सोडून दिल्यावर गोल करणारे उरले नाहीत. संघ तेरावा आला, कपच्या अंतिम सामन्यात आर्सेनलकडून हरला आणि पुढचा हंगाम सुरू होऊन दोनच सामने झाले असताना डॅल्ग्लिश यांना काढण्यात आले. ज्या चाहत्यांना कीगन यांचा बेभान आक्रमक खेळ आवडला होता त्यांना हा सावध संघ रुचला नाही, आणि त्यांचा रोष समजण्यासारखा आहे.

सेल्टिकमध्ये १९९९ साली ते संचालक आणि जॉन बार्न्स प्रशिक्षक, अशी जोडी जमली. फेब्रुवारी २००० मध्ये इन्व्हर्नेसच्या छोट्या संघाने सेल्टिकला कपमधून ३–१ असे बाहेर काढले आणि बार्न्स गेले. डॅल्ग्लिश यांनी हंगाम संपेपर्यंत संघ सांभाळला, लीग कप जिंकला आणि उन्हाळ्यात तेही गेले.

२०११–१२ मधील लिव्हरपूलची दुसरी कारकीर्द कशी होती?

जानेवारी २०११ मध्ये रॉय हॉजसन यांच्या जागी ते आले तेव्हा क्लब नुकताच दिवाळखोरीच्या उंबरठ्यावरून मागे फिरला होता. त्याच महिन्याच्या शेवटच्या दिवशी फर्नांडो टोरेस चेल्सीकडे गेले आणि लुइस सुआरेझ व अ‍ॅन्डी कॅरल आले. सुआरेझ ही थोर निवड ठरली, तर ३५० लाख पौंडांचे कॅरल ही महागडी चूक. जॉर्डन हेंडरसन यांची खरेदीही तेव्हा फसलेली मानली गेली. त्यांनीच पुढे कर्णधार म्हणून २०१९ ची चॅम्पियन्स लीग आणि २०२० चे लीग विजेतेपद उचलले.

फेब्रुवारी २०१२ मध्ये कार्डिफला पेनल्टीवर हरवून मिळवलेला लीग कप हा क्लबचा सहा वर्षांतील पहिला मोठा चषक होता. तरी लीगमधील आठवे स्थान मालकांना मान्य झाले नाही आणि मे महिन्यात त्यांना निरोप देण्यात आला. या काळावर एक डाग आहे आणि तो झाकू नये. मँचेस्टर युनायटेडच्या पॅट्रिस एव्हरा यांना उद्देशून वांशिक शब्द वापरल्याबद्दल सुआरेझ यांच्यावर आठ सामन्यांची बंदी आली असता संघाने त्यांच्या समर्थनाचे टी-शर्ट घातले आणि डॅल्ग्लिश त्यांच्या पाठीशी ठाम राहिले. आपल्या माणसाला एकटे न सोडण्याचा त्यांचा स्वभाव इथे चुकीच्या बाजूने उभा राहिला, विशेषतः बार्न्स यांना घडवणाऱ्या व्यवस्थापकाकडून ते खटकले. पुढे युनायटेडच्या ओल्ड ट्रॅफर्ड मैदानावर सुआरेझ यांनी एव्हरा यांच्याशी हस्तांदोलन टाळले, त्या प्रकरणानंतर डॅल्ग्लिश यांनी आपल्या वर्तनाबद्दल माफी मागितली.

अ‍ॅलेक्स फर्ग्युसन यांच्याशी त्यांची तुलना योग्य आहे का?

दोघेही ग्लासगोचे, दोघांवरही जॉक स्टीन यांचा प्रभाव. फर्ग्युसन यांनी मँचेस्टर युनायटेड या एकाच क्लबात सव्वीस वर्षे सत्ता टिकवली आणि संघ चार-पाच वेळा नव्याने घडवला. तशी दीर्घ पकड डॅल्ग्लिश यांची नव्हती आणि विजेतेपदांच्या संख्येतही ते मागे आहेत. खेळाडू म्हणून मात्र दोघांची बरोबरी होऊच शकत नाही. डॅल्ग्लिश यांच्या कारकिर्दीचे माप घ्यायचे तर खेळ आणि व्यवस्थापन एकत्र धरून घ्यावे, आणि तसे घेतल्यास ब्रिटनमध्ये त्यांच्याशेजारी उभे करावे असे नाव मला सुचत नाही.

सध्या ते काय करतात आणि त्यांना कोणते सन्मान मिळाले?

ऑक्टोबर २०१३ मध्ये ते लिव्हरपूलचे संचालक म्हणून परतले. मरीना यांना स्तनाचा कर्करोग झाल्यानंतर दोघांनी उभारलेल्या निधीतून लिव्हरपूल परिसरातील (मर्सीसाइड) रुग्णांच्या उपचारसुविधांसाठी मोठे काम झाले आहे. २०१७ मध्ये अ‍ॅनफिल्डच्या एका संपूर्ण स्टँडला त्यांचे नाव देण्यात आले. २०१८ मध्ये त्यांना सर हा किताब मिळाला, तो फुटबॉलबरोबरच लोकसेवेसाठी आणि लिव्हरपूल शहरासाठी केलेल्या कार्याबद्दल. सामन्याच्या दिवशी ते बहुधा अ‍ॅनफिल्डच्या संचालकांच्या आसनांवर बसलेले दिसतात.